उपास किती तासांचा, आणि जेवण कोणत्या वेळी?

आहार आणि आरोग्य : वाचकांचे प्रश्न

आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत उपासाचे विषय वाढतात. यंदा मात्र निम्म्याहून अधिक पत्रांत धार्मिक उपासापेक्षा ‘इंटरमिटंट फास्टिंग’ची, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी बसलेल्या ‘सोळा-आठ’ची चौकशी आहे. दिवसातील आठ तासांत सारे खाणे आटोपायचे आणि उरलेले सोळा तास पाण्यावर काढायचे, हा त्याचा सर्वांत प्रचलित प्रकार. आठवड्यातले दोन दिवस अगदी कमी खाऊन पाच दिवस नेहमीसारखे जेवणे, किंवा एक दिवसाआड जवळजवळ उपाशी राहणे, हे त्याचेच इतर प्रकार होत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो आहे. काम बैठे आहे. दोन महिन्यांपासून सकाळचा नाश्ता बंद केला असून दुपारी एक वाजता डबा खातो आणि रात्री नऊच्या आत जेवण आटोपतो. पहिल्या आठ दिवसांत वजन अडीच किलोने उतरले, त्यानंतर मात्र काटा जागचा हलत नाही. सकाळी दोन आणि दुपारी दोन, एवढा चहा होतो. रविवारी मित्रांबरोबर मिसळ असते, तीही अकरानंतरच घेतो. माझे कुठे चुकते आहे?
(एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आधी त्या पहिल्या आठ दिवसांचा हिशेब पाहू, कारण पुढच्या निराशेचे मूळ तिथेच आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी झाले की हा साठा उतरतो, त्याच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते आणि काटा भराभर खाली येतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक, ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात कॅलरी म्हणतो. आठ दिवसांत अडीच किलो चरबीच गेली असे धरले, तर रोज सुमारे २,४०० उष्मांकांची तूट पडायला हवी होती. बैठे काम करणाऱ्या तुमच्या वयाच्या माणसाची दिवसभराची गरजच जवळपास तेवढी असते, म्हणजे ते आठही दिवस तुम्हाला निराहार राहावे लागले असते. तेव्हा गेले ते मुख्यतः पाणी होते आणि ते जाणारच होते. तुमची चरबी त्या आठवड्यात फारशी गेली नाही, आणि पुढच्या सात आठवड्यांतही का गेली नाही, हा खरा प्रश्न आहे.

तासांना स्वतःची अशी काही ताकद आहे का, हे तपासणारे दोन प्रयोग या संदर्भात सांगण्यासारखे आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११६ जणांचे दोन गट केले होते. एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात, पण मनाला येईल तेवढे खायचे होते आणि दुसऱ्याने दिवसातून तीनदा नेहमीप्रमाणे जेवायचे होते. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ०.९४ किलोने आणि दुसऱ्याचे ०.६८ किलोने उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यासारखाच आहे. दुसरा अभ्यास चीनमधील ग्वांगझू येथील आणि २०२२ सालचा. त्यात १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर ठरावीक, कमी उष्मांकांचा आहार दिला आणि त्यांतील निम्म्यांना तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच संपवायला सांगितले. वर्षाअखेर वेळेचे बंधन असलेल्यांचे वजन ८ किलोने आणि नसलेल्यांचे ६.३ किलोने घटले होते. हाही फरक निर्णायक मानला गेला नाही, मात्र दोन्ही गटांचे वजन लक्षणीय उतरले. शेताला घातलेल्या कुंपणाने पीक येत नाही, आत शिरणारी जनावरे तेवढी अडतात. सोळा तासांचे कामही तेवढेच आहे. ज्याचे अवांतर खाणे त्या सोळा तासांत होत होते, त्याला फायदा होतो. तुम्ही बंद केलेला नाश्ता, म्हणजे बहुधा वाटीभर पोहे किंवा उपमा, हा तुमच्या दिवसातला सर्वांत निरुपद्रवी भाग असावा.

आता चहा. अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या एका कपात शंभराच्या आसपास उष्मांक असतात, म्हणजे चार कपांत तीन-चार पोळ्यांची भरती झाली. शिवाय सकाळचे दोन कप तुमच्या ‘उपासा’च्या तासांत येतात, तेव्हा तुमचा उपास सोळा तासांचा नसून सकाळी चहाबरोबरच सुटतो. उपासाच्या वेळात पाणी, कोरा बिनसाखरेचा चहा किंवा कोरी कॉफी एवढेच चालते. मिसळीविषयी म्हणाल, तर नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला मिसळ सोडायला सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही आणि मोड आलेल्या मटकीची उसळ हा मुळात उत्तम पदार्थ आहे. तर्रीवरचा तेलाचा तवंग, दुसऱ्यांदा मागवलेला पाव आणि शेवटी आलेली जिलेबी यांचा विचार मात्र अवश्य करावा. मिसळ अकराला खाल्ली की सव्वाअकराला, याने काही बिघडत नाही.

माझा खरा आक्षेप आहे तो तुम्ही दिवसाचे कोणते टोक कापले याला. या विषयावरची जवळजवळ सगळीच पत्रे सकाळचे खाणे सोडणाऱ्यांची आहेत, कारण ते सोडणे सोपे असते. घाईत असतोच, भूकही फारशी नसते. पण शरीराची व्यवस्था उलटी आहे. इन्शुलिनचा परिणाम दिवसाच्या पूर्वार्धात चांगला आणि रात्री मंद असतो, आणि अंधार पडल्यावर वाढणाऱ्या मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकामुळे इन्शुलिनचे स्रवणेही कमी होते, त्यामुळे तेच जेवण सकाळी केल्यास रक्तातील साखर जितकी वाढते त्यापेक्षा रात्री नऊला केल्यास अधिक वाढते आणि अधिक वेळ वर राहते. अमेरिकेतील अलाबामा येथे २०१८ मध्ये झालेल्या एका लहान अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांनी पाच आठवडे दिवसाचे सारे खाणे सहा तासांत उरकले आणि शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत घेतले. त्यांचे वजन उतरू दिलेले नव्हते, तरी इन्शुलिनचा परिणाम आणि रक्तदाब दोन्ही सुधारले. आठ माणसांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे खरे. तरी दिशा कळते. आपल्या शेजारची जैन कुटुंबे चौविहार पाळून सूर्यास्तापूर्वी जेवतात, आणि माझ्या आजीच्या घरी दिवेलागणीनंतर तासाभरात भांडी घासून पालथी पडत, हे मला अजून आठवते.

तेव्हा नाश्ता पुन्हा सुरू करावा आणि रात्रीचे जेवण नऊवरून सातपर्यंत आणावे. सकाळी साडेनऊ ते सायंकाळी सात हे साडेनऊ तास होतात आणि उपास साडेचौदा तासांचा होतो; बहुतेकांना तेवढा पुरतो. हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला स्वतःच्या अनुभवाने जाणीव आहे, कारण माझा दवाखाना रात्री साडेआठला बंद होतो आणि पहिले सहा महिने माझा हा नियम दर आठवड्याला मोडत होता. शेवटी मी दुसरा लहान डबा नेऊ लागले. सातच्या सुमारास ज्वारीची भाकरी, भाजी आणि घट्ट वरण तिथेच खाते आणि घरी आल्यावर सर्वांबरोबर ताकाची वाटी घेऊन बसते. घरातली माणसे दिवसातून एकदाच एकत्र बसत असतील, तर तेवढ्यासाठी ती वेळ मोडू नये. आपल्या पानातले कमी करावे.

वजनाबरोबर कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ३०च्या जवळ आहे आणि आपल्याकडे २५च्या पुढे स्थूलता मानतात. तरी एकदम सत्तर किलोचे लक्ष्य न ठेवता चार महिन्यांत चार किलो एवढेच ठेवावे.

प्रश्न : मी पंचवटीत राहते, वय ५५. नऊ वर्षांपासून मधुमेह असून ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. श्रावणी सोमवार आणि नवरात्र धरते. सोळा तास उपाशी राहिल्यास गोळ्या सुटतात, असे मुलाने कुठेतरी पाहिले, म्हणून मीही सुरू केले. मागच्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास दरदरून घाम आला, हात थरथरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर खाल्ल्यावर बरे वाटले. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करण्याचा नेम आहे. उपास चालू ठेवू का?

उत्तर : हा उपास आजच थांबवा आणि या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना भेटा. तुम्ही वर्णन केले आहे ती रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरल्याची लक्षणे आहेत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात; सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत काहीच खाल्ले नाही, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे अगदी शक्य आहे. इन्शुलिनची सुई घेणाऱ्यांना हा धोका अधिकच असतो. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे दीर्घ उपासात शरीर कोरडे पडते आणि क्वचित रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर विकार होतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाने उपासाचे तास ठरवण्याआधी गोळ्यांचे प्रमाण आणि वेळ डॉक्टरांकडून बदलून घेतली पाहिजे. स्वतःच्या मनाने गोळी गाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मुलाने पाहिले ते अगदीच निराधार नाही, फक्त अर्धे आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतील, इन्शुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचा आहार दिला होता. वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले आणि ज्यांचे वजन १५ किलोहून अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. पण गोळ्या पहिल्या दिवशीच वैद्यकीय देखरेखीखाली बंद केल्या होत्या आणि गुण आला तो वजन उतरल्यामुळे, तासांमुळे नव्हे. तुमच्या मधुमेहाला नऊ वर्षे झाली आहेत, त्यामुळे तेवढी अपेक्षा धरू नये. पण चार-पाच किलो कमी झाले तरी गोळीची मात्रा कमी होऊ शकते.

फेरीविषयी : लहान फेरीही वीसेक किलोमीटरांची आहे, पावसात चिखल असतो आणि मध्येच मदत मिळणे कठीण असते. जायचेच असेल तर उपाशीपोटी जाऊ नये. आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी ठरवावी, सोबत कोणीतरी असावे, त्याला तुमच्या आजाराची माहिती असावी, आणि पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पूड हाताशी असावी. लक्षणे वाटताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे, बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे. नेम कसा पाळायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु आजाऱ्याला सूट देण्याची पद्धत आपल्या घरांत पूर्वीपासून आहे.

प्रश्न : माझे महिन्याला दोन एकादशी, एक संकष्टी आणि चार सोमवार असे सात उपास होतात. हेही इंटरमिटंट फास्टिंगच ना? मग तीन वर्षांत वजन सहा किलोने वाढले कसे?
(एक गृहिणी, इंदिरानगर)

उत्तर : ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी करून ठेवली आहे, तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना ठाऊक होते. साबुदाण्याच्या खिचडीची एक मध्यम बशी घेऊ. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम धरला तर सुमारे २१० उष्मांक, मूठभर दाण्याच्या कुटाचे सुमारे १४०, तूप एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशेच्या आसपास आणि वर बटाटा. बशी पाचशेच्या घरात जाते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसते, तंतू नाममात्र असतात, त्यामुळे साखर झपाट्याने चढते, उतरते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. मग बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, केळे आणि संध्याकाळी दोन वडे होतात. चुकते ते एवढेच की, खाण्याचे तास कुठेच कमी झालेले नसतात आणि वरणभात-भाजी मात्र पानातून गेलेली असते.

जाता जाता एक गंमत सांगते. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले आहेत आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय दर्यावर्दी त्या खंडात पोहोचल्यानंतरच आपल्याकडे आले. ज्या खिचडीला आपण पिढीजात फराळ मानतो, ती ज्ञानेश्वर-नामदेवांनी चाखलेली असणे शक्य नाही.

उपास सोडा असे मी म्हणत नाही. त्यातला फराळ बदला. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिन असते, त्याची भाकरी उत्तम होते. भगर शिजवून तिच्याबरोबर दाण्याची पातळ आमटी, काकडीची दही घातलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याची जिऱ्याची भाजी असे एकच जेवण दुपारी बारा-एकला पोटभर करावे. उकडलेले रताळे साबुदाण्यापेक्षा केव्हाही बरे. संध्याकाळी सहाला दूध किंवा ताक आणि एखादे फळ घेऊन दिवस संपवावा. एकादशी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटते, तोवर आपोआप चौदा तास होतात. भगरीविषयी एक सावधगिरी : उघडे, जुने किंवा ओलावा धरलेले भगरीचे पीठ आणू नये, कारण त्यात बुरशी धरते आणि ऐन उपासाच्या दिवसांत त्यातून विषबाधेच्या घटना घडतात. भगर आणून, निवडून, घरीच दळावी.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची असून बारावीला आहे. वजन ५४ किलो, उंची १६० सेंटिमीटर. मैत्रिणींच्या नादाने रात्रीचे जेवण सोडून देते. चार महिन्यांत पाळी दोनदा चुकली. तिला हा उपास करू द्यावा का?

उत्तर : नाही. तिचे वजन उंचीच्या मानाने अगदी योग्य आहे. पाळी चुकणे ही शरीराची तक्रार आहे, ती गांभीर्याने घ्यावी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढीच्या वयातील मुले, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि पूर्वी खाण्याविषयीचा मानसिक त्रास होऊन गेलेल्या व्यक्ती, यांच्यासाठी हा प्रकार नाहीच. तिच्याशी बोलताना वजनाचा विषय काढू नये. जेवायला सोबत बसावे आणि आरशापुढे किंवा काट्यावर ती वारंवार जाते का, खाल्ल्यावर उलटी करते का, याकडे लक्ष ठेवावे. तसे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीत रात्री दोन वाजता कँटीनमध्ये जेवण मिळते. मी आठ तास कुठून कुठे मोजू?

उत्तर : पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर सोळा-आठच्या मागे लागू नये, शरीराला दर आठवड्याला नवे घड्याळ दाखवण्याचा त्रास आधीच पुरेसा आहे. त्याऐवजी एकच गोष्ट सांभाळावी : मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात जेवण टाळावे. बॉस्टन येथे २०२१ मध्ये झालेल्या प्रयोगात रात्रपाळीसारखी परिस्थिती निर्माण करून काही जणांना रात्रीही आणि काहींना फक्त दिवसा जेवायला दिले. रात्री जेवणाऱ्यांची रक्तातील साखर बिघडली, दिवसा जेवणाऱ्यांची बिघडली नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात कामावर निघण्यापूर्वी साडेआठ-नऊला घरी व्यवस्थित जेवावे. तुमच्या बाबतीत हे जेवण रात्रीचे असले तरी तेच योग्य. दोन वाजता फार भूक लागली तर मूठभर फुटाणे आणि पाणी घ्यावे, कँटीनचा भात नको. सकाळी परतल्यावर हलका नाश्ता करून झोपावे आणि दुपारी तीनला जेवावे. उपाशीपोटी पहाटे मोटारसायकल चालवताना डुलकी किंवा चक्कर येत असेल, तर हा नियमही सोडून थोडे खाऊन निघावे; तुमचे सुखरूप घरी पोहोचणे वजनापेक्षा महत्त्वाचे आहे.

प्रश्न : वय २४, वजन ७१ किलो, उंची १७२ सेंटिमीटर. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर धावतो, शनिवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. सोळा तास उपाशी राहिल्यास ‘ऑटोफॅजी’ होऊन शरीर स्वच्छ होते आणि चरबी जळते, असे ऐकून दुपारी एकलाच पहिले जेवण घेतो. पण १६०० मीटरची वेळ दीड महिन्यात सुधारण्याऐवजी खालावली. असे का?

उत्तर : पेशी आपल्यातील निकामी भाग मोडून पुन्हा वापरतात, त्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात, आणि यीस्टच्या पेशींवर काम करून तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, एवढे निर्विवाद आहे. जिवंत माणसात ती नेमकी किती वाढली हे मोजणे अतिशय अवघड आहे, तेव्हा ‘सोळाव्या तासाला ती सुरू होते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ती पेशींत कमी-अधिक प्रमाणात सदैव चालूच असते.

तुमची अडचण साधी आहे. साडेपाचला धावून तुम्ही एकला जेवता, म्हणजे थकलेल्या स्नायूंना सहा-सात तास काहीच मिळत नाही. १६०० मीटर ही जोर लावून धावण्याची शर्यत आहे आणि अशा धावण्यात स्नायूंना प्रामुख्याने ग्लायकोजेन लागते. तुम्ही ते रात्रभर आणि अर्धा दिवस भरूच देत नाही. वर सांगितलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासात वेळेचे बंधन पाळणाऱ्या काही जणांची तपासणी केली, तेव्हा उतरलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायू वगैरे भागांचा वाटा मोठा असल्याचे आढळले होते. तुमचे वजन उंचीला योग्य आहे, उपासाची गरजच नाही. धावण्यापूर्वी एक केळे, धावून आल्यावर तासाभरात तीन उकडलेली अंडी किंवा मटकीची उसळ आणि भाकरी घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सामान्य प्रौढासाठी वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितले आहे. कसून व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागते, म्हणजे तुम्हाला रोज ८५ ते ११५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि वाटीभर वरणात तेवढेच, हे लक्षात घेतले तर आठ तासांच्या दोन जेवणांत ते बसवणे किती कठीण आहे हे कळेल. महिनाभर असे करून मग वेळ लावून पाहावी.

प्रश्न : आठ तासांत जेवणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण ९१ टक्के अधिक, अशी बातमी वाचली. मी वर्षभर हा उपास करतो आहे. घाबरावे का?

उत्तर : ती बातमी मार्च २०२४ मध्ये शिकागो येथील एका परिषदेत मांडलेल्या निबंधाची आहे. अमेरिकेतील वीस हजारांहून अधिक लोकांच्या सर्वेक्षणावर तो आधारलेला होता. त्यात प्रत्येकाला फक्त दोन दिवसांचे खाणे विचारले होते आणि त्यावरून पुढील कित्येक वर्षांचा संबंध जोडला होता. जे आठ तासांत खात होते त्यांतले किती जण आजारपणामुळे, एकटेपणामुळे किंवा कामाच्या ओढीमुळे तसे खात होते, हे अशा पाहणीतून नीट वेगळे काढता येत नाही. उपासामुळे मृत्यू होतो असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि वर्षानुवर्षे आठ तास पाळणे पूर्ण सुरक्षित आहे असेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही. तुम्हाला हृदयविकार असेल तर आठाऐवजी दहा तास धरावेत आणि रक्तदाब व चरबीची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी.

प्रश्न : आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सासरे डॉ. दीक्षितांप्रमाणे दोनदा जेवतात आणि नणंद दर दोन तासांनी थोडे खाते. खरे कोण?

उत्तर : दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे हा मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोहोचवला. सोळा-आठशी त्याचे नाते जवळचे आहे. ज्याचा हात डब्यांकडे सारखा जातो त्याला दोन जेवणांचा नियम उपयोगी पडतो, आणि जो दोन जेवणांत मिळून चार जणांचे खातो त्याला पडत नाही. वर्षभर जो नियम कुरकुर न करता पाळता येईल तो त्याचा. एक दिवसाआड उपासाच्या शिकागोतील वर्षभराच्या अभ्यासात ३८ टक्के लोक मध्येच गळाले, तर रोज थोडे कमी खाणाऱ्यांत २९ टक्के. दोघांच्याही कंबरेचा घेर दर महिन्याला मोजावा आणि वाद तिथे मिटवावा.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, पत्नी ६८ वर्षांची. नाशिकरोडला राहतो. संध्याकाळी सातला जेवून दहाला झोपण्याची सवय चाळीस वर्षांची आहे. माझे वजन ५८ आणि तिचे ४६ किलो. आता सकाळचा नाश्ताही बंद करून सोळा तास पूर्ण करावेत, असे सोसायटीतील मित्र सुचवतात.

उत्तर : मित्रांचे आभार मानावेत आणि नाश्ता चालू ठेवावा. आपण दोघे जे चाळीस वर्षे करत आहात, तेच मी वरच्या पत्रलेखकांना सुचवते आहे. उतारवयात वजन उतरले की स्नायू आणि हाडेही झिजतात, आणि एकदा पडून मांडीचे हाड मोडले की पुढचे सारे बिघडते. वहिनींचे ४६ किलो वजन गेल्या वर्षभरात कमी होत आले असेल, तर त्याचे कारण शोधण्यासाठी रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड आणि बी-बारा जीवनसत्त्व एवढे करून घ्यावे. थायरॉइडची गोळी चालू असल्यास ती उठल्याबरोबर पाण्याशी घ्यावी आणि चहा त्यानंतर अर्धा-पाऊण तासाने. नाश्त्याला नाचणीची आंबील किंवा मुगाचे धिरडे करावे आणि झोपण्यापूर्वीचे कपभर दूध बंद केले असेल, तर आज रात्रीपासून पुन्हा सुरू करावे.